काट्यावरची पाटी

कारखान्याने आम्हा बाराजणींना जे सेफ्टी बूट दिले, त्यांतला सगळ्यात लहान जोड सात नंबरचा होता. माझा पाय चार नंबरचा. पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून आम्ही रायपूरबाहेर उरल्याच्या त्या पोलाद कारखान्याच्या आवारात पाय फेकत चालत होतो आणि फाटकावर आमच्या स्वागताचा बॅनर फडफडत होता. महिलांसाठी पाच दिवसांचा करिअर ओळख कार्यक्रम, असं त्यावर हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं होतं. बॅनरवर पिवळं हेल्मेट घातलेली एक गोरीपान मुलगी हसत होती. तिचे बूट चित्रात आले नव्हते.

रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती. दुकानांच्या पाट्यांवर जिकडेतिकडे 'राजधानी' हा शब्द चढला होता आणि असे कार्यक्रमही एकाएकी सुरू झाले होते. मी मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या वर्गात मुली चार. दर उन्हाळ्यात मुलांना कारखान्यांत सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवायचे आणि आम्हाला लायब्ररीत बसून करायचा एक प्रोजेक्ट द्यायचे. पोलादावर पोलाद न पाहता लिहायचं. मला त्याची भयंकर चीड होती. या कार्यक्रमाच्या पत्रकात शेवटच्या ओळीत छापलं होतं, की पाचव्या दिवशी जी मुलगी सगळ्यात चांगलं सादरीकरण करेल, तिला त्याच कारखान्यात सहा आठवड्यांचं ट्रेनिंग मिळेल. ती एक जागा मला हवी होती. किती हवी होती, हे आता लिहायला लाज वाटते.

बाबा रेल्वेत होते, मूळचे वर्ध्याकडचे. पत्रक वाचून ते म्हणाले, "उरल्यात पोट्टीचं काय काम आहे? निस्ते ट्रक अन धूळ."

"पाच दिवसाचंच त आहे," आई म्हणाली. "पाहून येऊ द्या न तिले."

"मैं तो जाऊँगी," मी म्हणाले. घरात आईबाबा मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. आमच्या कॉलनीतल्या सगळ्याच मराठी घरांत असंच चालायचं, त्याचं कुणाला काही वाटत नसे.

पहिला दिवस भाषणांत गेला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला एकेका नोकरदार बाईबरोबर बसून तिचं काम बघायचं होतं, आणि तिथे मोठीच पंचाईत झाली. कारखान्याच्या सगळ्या बायका शहरात, शंकर नगरच्या हेड ऑफिसात होत्या. हिशेबाला, खरेदीला, फोनवर. प्रत्यक्ष कारखान्यात बाई एकच होती, भट्टीजवळच्या लॅबमध्ये. कार्यक्रम चालवणाऱ्या मॅडमनी अडखळत विचारलं, की धुळीत आणि उन्हात कोण जाईल? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर होता. अकराजणी गाडीत बसून शंकर नगरला गेल्या.

लॅब म्हणजे एक पत्र्याची खोली. खिडकीतून भट्टी दिसायची आणि तिची धग खोलीत यायची. तिथल्या बाईला सगळे दीदी म्हणायचे; ठेंगणी, चाळिशीच्या पुढची, सुती सलवार-कमीजवर खाकी कोट. केस घट्ट बांधलेले, त्यावर हेल्मेट. मला बघून तिने फक्त स्टूल पुढे सरकवलं आणि कामाला लागली.

काम असं होतं. भट्टीत पोलाद वितळलं की तिथला माणूस लांब दांड्याच्या पळीने थोडं काढून साच्यात ओतायचा. त्याची गोटी पाण्यात विझवून चिमट्यात धरून लॅबमध्ये आणायचा. दीदी ती फिरत्या चाकावर घासायची, मग मशीनमध्ये ठेवायची, मशीन कार्बन किती, मँगनीज किती ते कागदावर छापायचं. आकडे बरोबर असले तरच भट्टी साच्यांत ओतायची. तोवर ते टनांनी वितळलेलं पोलाद खदखदत थांबून राहायचं, आणि त्याच्याभोवती दहा-बारा पुरुष घाम पुसत लॅबच्या दाराकडे बघत राहायचे.

"पास हे का, दीदी?" दारातून भट्टीवाला विचारायचा.

"हव," ती म्हणायची. तेवढ्या एका होकारावर सगळे धावत सुटायचे.

पण खरी गंमत मशीनच्या आधी होती. चाकावर गोटी टेकली की ठिणग्यांचा फवारा उडायचा. ती मान जरा तिरकी करून त्या ठिणग्या बघायची आणि पुटपुटत एक आकडा सांगायची. मग मशीनमधून कागद यायचा, आणि त्यावर जवळजवळ तोच आकडा असायचा. मी तीनदा बघितलं. चौथ्यांदा इतकी पुढे वाकले की एक ठिणगी माझ्या मनगटावर आली.

"आई गं!"

दीदीने चाक बंद केलं. माझ्याकडे वळून बघितलं आणि पहिल्यांदाच हसली. "मराठी होय काय तू? मंग मघापासून काहून हिंदी झाडून राहिली?"

त्या गोंदियाकडच्या निघाल्या. मी त्यांना ताई म्हणू लागले. घरात कधी धड न बोललेलं मराठी मी त्या पत्र्याच्या खोलीत तीन दिवस बोलले. त्या मला ठिणग्या वाचायला शिकवत होत्या. लांब आणि साधी रेघ असली तर कार्बन कमी, टोकाला फाटे फुटले तर जास्त.

"मंग मशीन कायले ठेवली, ताई?"

"साहेबाले कागद लागते न."

बारा वर्षं त्या तिथे होत्या. सुरुवातीला भट्टीवाले त्यांचा आकडा मशीनवर पुन्हा तपासून घ्यायचे. आता मशीन बिघडलं तरी त्यांच्या 'हव'वर भट्टी ओतली जायची. हे त्यांनी फार सहज सांगितलं, पण सांगताना कोटाची बाही नीट केली. त्यांना आपल्या कामाचा किती अभिमान होता, हे मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्या पाणी पीत नसत. मी सकाळपासून घोट घोट पीत राहायचे आणि त्यांच्या ओठांना पापुद्रे. लॅबमधल्या दुसऱ्या दिवशी मी कारण विचारलं. खोलीत आम्ही दोघीच होतो, दाराबाहेरच्या कुणाला मराठी कळत नव्हतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला.

कारखान्यात बाईसाठी संडास नव्हता. पुरुषांचे होते तिथे जायची सोय नव्हती. फाटकाजवळ ट्रक वजन करायचा काटा होता, त्याच्या केबिनमागे एक संडास होता, काटेवाल्या भैयापुरता. कधीतरी पहिल्या वर्षी ताई तिथे दाराशी घुटमळल्या असतील आणि त्या माणसाने ते बघितलं असेल. दुसऱ्या दिवसापासून साडेदहा वाजले की तो खिडकीतली पाटी उलटवायचा. 'काटा बंद है.' चावी खिळ्याला लावून चहाला निघून जायचा. ट्रकवाले भोंगे वाजवायचे, मग तेही शिकले. साडेदहाला काटा बंद असतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. परत येताना तो लांबूनच मोठ्याने खाकरायचा.

"त्याईले थँक्यू म्हटलं असेल ना तुम्ही?" मी विचारलं.

"पागल होय काय? बारा वर्षांत एक शब्द नाही बोललो आम्ही त्याच्यावर. असं बोलाचं नसते, पोट्टे. बोललं का संपते ते."

शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकलं होतं.

पाचव्या दिवशी शंकर नगरच्या हॉलमध्ये सादरीकरण होतं. त्यासाठी आईने सदर बाजारातून निळं कापड आणून दोन दिवसांत ड्रेस शिवून घेतला होता. मोठे साहेब पहिल्या रांगेत होते. प्रत्येकीने काय पाहिलं ते सांगायचं आणि शेवटी कंपनीला एक सूचना करायची. माझ्या आधीच्या मुली हिशेब कसे ठेवतात, खरेदी कशी होते ते सांगून गेल्या. सूचना म्हणून कुणी झाडं लावा म्हणालं, कुणी असे कार्यक्रम दरवर्षी घ्या म्हणालं. टाळ्या बेताच्या पडत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मला स्वच्छ दिसलं, की ठिणग्यांची गोष्ट सांगून मी जिंकणार नाही. ठिणग्या त्यांनी पाहिलेल्या होत्या.

म्हणून मी काटा सांगितला.

अस्खलित हिंदीत सांगितला. भट्टीच्या धगीत दिवसभर पाणी न पिणारी एकटी बाई, आणि खिळ्याला लटकणारी चावी. "सिर्फ़ दस मिनट," मी म्हणाले आणि थांबले. दहा हा आकडा माझाच. ताईंनी किती मिनिटं ते सांगितलं नव्हतं, पण दहा ऐकायला चांगलं वाटत होतं. शेवटी सूचना केली की या बाईंना त्रास होतो, त्यांची सोय करा. मॅडमनी डोळे टिपले. साहेबांनी चष्मा काढला आणि आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

ताई तिथे नव्हत्या. त्या उरल्यात होत्या, ड्यूटीवर.

पहिला नंबर माझा आला. बाबांनी प्रमाणपत्र टीव्हीवर ठेवलं आणि येईल त्याला दाखवलं. ती दहा मिनिटं सोडली तर मी खोटं काहीच बोलले नव्हते. हे मी स्वतःला त्या दिवसापासून सांगत आले आहे आणि त्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही. मराठीत, आवाज खाली आणून सांगितलेली गोष्ट मी माइकवर हिंदीत विकली आणि त्या बदल्यात ट्रेनिंग घेतलं, हेच खरं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्रेनिंगचं पत्र आलं. हजर व्हायचं ते शंकर नगरच्या ऑफिसात. मला वाटलं, कागदपत्रांसाठी बोलावलं असेल, दुपारी उरल्याला पाठवतील. मी स्वतःच्या मापाचे बूट शोधून, घेऊन, घालूनच गेले होते. मॅडमनी मला दुसऱ्या मजल्यावर नेलं. गार खोली, काचेचं दार, भिंतीशी टेबलांची रांग. शेवटच्या टेबलाशी ताई बसल्या होत्या.

खाकी कोट नव्हता. इस्त्रीचा ड्रेस, समोर फायलींचा गठ्ठा, बाजूला पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली. मी ओळखलं ते त्यांच्या मान तिरकी करण्यावरून.

"देखो, किसकी वजह से आई हैं यहाँ," मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "तुम्हारे सुझाव पर साहब ने उसी हफ़्ते इनका ट्रांसफर कर दिया. अब कोई तकलीफ़ नहीं. और तुम भी यहीं इनके साथ बैठोगी, वहाँ लेडीज़ के लिए कुछ है ही नहीं."

मॅडमना मनापासून आनंद झाला होता. तो खोटा नव्हता, म्हणून मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

ताईंनी वर बघितलं. "बैठिए," त्या म्हणाल्या.

आप. हिंदी. मी बसले.

दोन दिवस त्या माझ्याशी हिंदीतच बोलल्या, फक्त कामापुरतं. आता त्यांचं काम होतं उरल्याहून आलेले मशीनचे कागद तारखेवार लावायचे आणि गिऱ्हाइकांना पाठवायच्या दाखल्यांवर ते आकडे उतरवायचे. बारा वर्षं ज्या बाईच्या शब्दावर भट्टी ओतली जायची, ती आता दुसऱ्याने काढलेले आकडे नक्कल करत होती. उरल्याच्या लॅबमध्ये एक नवे केमिस्ट आले होते. अधूनमधून एखाद्या कागदावर ताईंचं बोट थांबायचं. त्या ओठांत काही पुटपुटायच्या, मान हलवायच्या आणि कागद फायलीत लावायच्या. मी मान खाली घालून शिक्के मारत राहायचे. जेवणाचा डबा मी दोन दिवस न उघडताच घरी नेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत कुणी नव्हतं. मी म्हणाले, "ताई, माझं चुकलं."

त्यांनी पेन ठेवलं. मग मराठीत म्हणाल्या, "मले इचारलं काहून नाही?"

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"तुले चांगलं करायचं होतं, मले समजते. पण एक डाव फोन करायचा. ताई, असं असं सांगून राहिली, सांगू का? मी नाही म्हटलं असतं म्हणून नाही इचारलं तू." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "साहेब इथं बोलावून म्हणे, दीदी, आपने कभी बताया नहीं, इतनी तकलीफ़ थी. मी म्हटलं साहेब, तकलीफ नाही, मले तिथंच राहू द्या. त म्हणे, नहीं नहीं, आप संकोच कर रही हैं." त्यांनी बाटली उचलून माझ्यापुढे ठेवली. "आता पेते न मी पाणी. धा डाव उठून जाते. टाइल्सचा संडास आहे, पाहून ये."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग रुमाल दिला आणि म्हणाल्या, "पुस. शिक्के वाकडे पडून राहिले तुझे."

त्यानंतर त्या मला पुन्हा शिकवू लागल्या. ठिणग्या नव्हत्या, कागद होते. आकडा बघून भट्टीत काय कमी पडलं असेल ते त्या सांगायच्या. सहावा आठवडा आला. शेवटच्या दिवशी प्रत्येक ट्रेनीने उरल्याला जाऊन साहेबांपुढे अहवाल वाचायचा होता. आदल्या दिवशी मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "ताई, काय सांगू?"

त्यांनी वही स्वतःकडे ओढली. "तू तवा अर्धंच सांगतलं होतं. आता पुरं सांग. तिथं बाईसाठी संडास बांधा म्हण. अन मले परत भट्टीवर पाठवा म्हण. दोन्ही म्हण. एक सांगून नाही चालत."

दोन्ही म्हणाले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. साहेब पेनाशी खेळत म्हणाले, की सूचना चांगली आहे, लेडीज़ टॉयलेट बांधलं की पुढचं बघू. ते टॉयलेट काही वर्षांनी बांधलं गेलं, असं मी नंतर ऐकलं. तोवर ताईंचे डोळे फायलींनी अधू झाले होते आणि भट्टीवर परत जायचं त्यांनी कधी काढलं नाही.

पण त्या दिवशीचं अजून सांगायचं राहिलं आहे. सकाळीच अहवाल संपवून मी फाटकाकडे निघाले. ट्रकांची रांग लागली होती, धुळीने समोरचं दिसत नव्हतं. काट्याच्या केबिनजवळ मी का थांबले, मला माहीत नाही. माफी मागायची असावी. खिडकीत ते भैया बसले होते, पांढऱ्या मिश्यांचे, कानावर पेन्सिल. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ही तीच मुलगी, हे त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, साडेदहा झाले होते; पाटी उलटवली, चावी खिळ्याला लावली आणि चहाला निघून गेले. मागे कुठल्याही ट्रकने भोंगा वाजवला नाही.

मी आत गेले. साबणाची डबी होती. भिंतीवर आरशाचा तुकडा लावलेला होता, ताईंच्या उंचीवर. त्यात मला माझी फक्त हनुवटी दिसली. मी नळ सोडून तोंड धुतलं आणि तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने लांबून कुणीतरी मोठ्याने खाकरलं.

दुपारी शंकर नगरला परतून मी ताईंना आधी साहेबांचं उत्तर सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू ठाऊकच होतं. मग काट्याचं सांगितलं. की पाटी अजून उलटते, चावी खिळ्याला असते. त्या फाईल बांधत होत्या, हात थांबला.

"किती वेळ लावला त्यानं?"

मी घड्याळ बघितलं होतं. "दहा मिनिटं."

"धाच?" ताई म्हणाल्या. "मले पंधरा देत होता."

आणि मग त्या रडल्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच, तोंडावर दोन्ही हात धरून. माझ्याकडे त्यांना द्यायला रुमालसुद्धा नव्हता.